नियम अकरावा

भाड्याची पावती फाडताना
मी आता दोन आकडे लिहिते.
हा पालिकेचा, हा तुमचा, असं म्हणते,
आणि समोरचा माणूस माझ्या बोटांकडे बघतो,
पत्त्यांची जादू चालली असावी तसा.

वांजऱ्याकडच्या या गाळ्यांत
भाडं उत्पन्नावर ठरतं.
उत्पन्न वाढलं की भाडं वाढतं,
म्हणून इथे कुणाचंच उत्पन्न वाढत नसे,
निदान कागदावर.
पोरगा बुटीबोरीला कंपनीत लागला
तरी दारातून उत्तर यायचं, "बसूनच आहे बाई घरी."
आणि आतून बूट-पॉलिशचा वास.

मग ही योजना आली.
वाढीव भाडं घ्यायचं, पण टाकायचं त्यांच्याच खात्यात.
पाच वर्षं हात लावायचा नाही.
मग काढायचं, घरासाठी.
सभेत मी तीनदा सांगितलं,
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून.
मागून दुर्पता नंदनवार बोलली,
"म्हणजे आपलेच पैसे आपल्यालेच देऊन राहिले?
काऊन बाप्पा? सरकारले बरं नाही का?"

सगळे हसले. मीही.
दुसऱ्या दिवशी तीच आली, एकटी.
कळमन्यात मिरचीचे देठ खुडते ती, किलोवर.
"लिवा," म्हणाली, "सहा नाही. साडेआठ.
अन् पोट्ट्याचेही धरा."
खोटं सांगताना कधी न लाजलेली बाई
खरं सांगताना
पदराने तोंड पुसत होती.

तेव्हापासून दर महिन्याला
तिचं पासबुक हातात घेतलं की मला शिंक येते.

दुसऱ्या वर्षी मुलीच्या नर्सिंगची फी आली.
चाळीस हजार खात्यात, आणि हात लावायचा नाही.
मी कलम वाचून दाखवलं.
कलम वाचणं सोपं असतं,
छापलेलंच असतं ते.
पुढच्या वेळी तिच्या गळ्यात डोरलं नव्हतं,
काळा दोरा होता नुसता.
आम्ही दोघी आकड्याबद्दल बोललो.

चौथ्या रांगेतल्या गजभियेंनी चौदाव्या महिन्यात सोडलं.
झनकलाल गेला छिंदवाड्याला, खातं बंद करून.
त्यांच्याबद्दल अहवालात एक रकाना आहे, अरुंद.

पाच वर्षं. एक लाख एकेचाळीस हजार.
मुलीला फोनवर तिने आकडा सांगितला
तो एकेक अंक सुटा करून, फोन नंबर सांगावा तसा.
वाठोड्याला तिसरा माळा, एक खोली, ओटा,
वरून पंधरा वर्षांचं कर्ज.
लिफ्टची जागा आहे. लिफ्ट नाही.

मला बोलावलं तिने. चहाच्या आधी हातोडी काढली.
गाळ्यांच्या नियमावलीतला अकरावा नियम:
भिंतीत खिळा ठोकू नये.
एकोणीस वर्षं तिचा नवरा
तांदळाच्या डब्याला टेकून उभा होता, काचेमागे.

पहिला खिळा वाकला.
दुसराही.
तिसऱ्याला भिंतीचा पोपडा सुटला, तळहाताएवढा,
खालून कुणीतरी ओरडलं, "अबे, काय फोडून राहिले वरती!"
मी म्हणाले, अगं, नवीन प्लास्टर.
ती पडलेल्या चुऱ्याकडे बघत राहिली.
"पडू दे," म्हणाली. "माझंच पडलं ना?"

माझा पगार योजनेच्या मर्यादेपेक्षा अठराशेने जास्त आहे.
झिंगाबाई टाकळीत राहते मी, वरच्या खोलीत.
घरमालकाच्या पावतीवर एकच आकडा असतो.
भिंतीचं त्यांनी तोंडी सांगून ठेवलंय.

निघताना तिने ते दोन वाकडे खिळे
कागदात गुंडाळून माझ्या पर्समध्ये टाकले.
"फेकू नको," म्हणाली,
"ठोकले की सरळ होते."

स्टॉपवर ऑटोची वाट बघत असताना
मला शिंक आली.